पाय फेंगडे होतील का?

प्रश्न : मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. माझी मुलगी अडीच महिन्यांची आहे. संध्याकाळ झाली की ती रडत राहते आणि खाली ठेवताच जागी होते. लांब सुती कापडाने छातीशी बांधून घेतले की मात्र शांत होते. सासूबाई म्हणतात, अशाने तिचे पाय फेंगडे होतील आणि हाताची सवय लागेल. तिला असे बांधून रंकाळ्यावर फिरायला न्यावे का?

उत्तर : अवश्य न्या, आणि हे उत्तर सासूबाईंनाही वाचून दाखवा, कारण त्यांची शंका काळजीपोटीच आहे. या वयात खुब्याचा सांधा बराचसा कूर्चेचा, म्हणजे मऊ असतो. मांड्या फाकलेल्या आणि गुडघे बुडापेक्षा थोडे वर, ही बेडकासारखी ठेवण त्याला मानवते. उलट, अंघोळीनंतर पाय ओढून सरळ करायचे आणि दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, ही आपल्याकडची रीत खुबा निसटण्याचा धोका वाढवते. म्हणून कापड एका गुडघ्याच्या खोबणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या खोबणीपर्यंत पसरलेले असावे. पाय नुसते लोंबकळू नयेत.

सवयीबद्दल म्हणाल, तर 1986 साली मॉन्ट्रियलमध्ये झालेल्या अभ्यासात, रोज अधिक वेळ उचलून घेतलेली बाळे सहाव्या आठवड्यात इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडत असल्याचे आढळले. एवढ्या लहान जिवाची ती गरजच आहे.

मला खरी काळजी वाटते ती श्वासाची. चार महिन्यांच्या आतल्या बाळाची मान पुरती धरलेली नसते. कापड सैल पडून बाळ खाली घसरले आणि हनुवटी छातीला टेकली, तर श्वासाची वाट अरुंद होते, आणि बाळ आवाजही न करता गुदमरू शकते. तेव्हा कापड असे घट्ट बांधा की पुढे वाकलात तरी तिचे अंग तुमच्यापासून सुटणार नाही. तिच्या हनुवटीखाली तुमची दोन बोटे सहज मावली पाहिजेत, चेहरा उघडा व सतत दिसता राहिला पाहिजे, आणि मान किंचित लववताच टाळूचा मुका घेता आला पाहिजे. आडवे निजवायची खोल झोळी या वयात मी सुचवणार नाही, कारण तीत बाळ मुटकुळे होऊन हनुवटी आपोआप छातीला लागते. पदराने तोंड झाकणेही नको, मग रंकाळ्यावर वारा कितीही असो, टोपडे पुरे.

बाळ बांधलेले असताना दुचाकीवर बसू नका, गॅसपाशी फोडणी देऊ नका, आणि काही उचलायचे झाल्यास तिच्या पाठीवर हात ठेवून गुडघ्यांत वाका. उन्हाळ्यात तिच्या अंगावर एक कपडा कमीच घाला, कारण तुमच्या अंगाची ऊब तिला मिळतच असते. ती कमी दिवसांची जन्मली असेल किंवा सर्दीने श्वासाला त्रास होत असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

पहिले काही दिवस घरातच बांधा. सासूबाईंना समोर उभे करा आणि दोन बोटे हनुवटीखाली जातात का, दोन्ही गुडघे सारख्या उंचीवर आहेत का, हे त्यांनाच पाहायला सांगा.