साठ हजार कळले, वीस कुठे गेले?

पत्र : मुलगी यंदा गोवा बोर्डातून बारावी सायन्स ९४ टक्क्यांनी पास झाली. नीटमध्ये हवे तेवढे गुण पडले नाहीत. तिला प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचंय. तिचे काका म्हणतात, वर्षभर घरी बसून पुन्हा नीट दे. खाण बंद झाल्यापासून यांचा ट्रक जेमतेम चालतो. ‘इन्स्पायर’ची शिष्यवृत्ती वर्षाला साठ हजार देते असं ऐकलं. अर्ज करावा का? – एक आई, डिचोली

ताई,

अर्ज जरूर करा, पण आधी त्या ‘वर्षभर घरी’चा हिशेब करू. ‘इन्स्पायर’ ही केंद्र सरकारची योजना बारावी होऊन त्याच वर्षी मूलभूत विज्ञानाच्या पदवीला बसणाऱ्यांसाठी आहे. एक वर्ष गेलं की ही संधीही गेली. काकांना हे सांगा. नीट द्यायचीच असेल तर बी.एस्सी.चं पहिलं वर्ष करता करता देता येते.

निकष बोर्डानिहाय आहे : आपापल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात यायला हवं. म्हणजे तुमच्या लेकीची तुलना गोव्यातल्याच मुलांशी, मुंबई-पुण्याशी नाही. कटऑफ दरवर्षी बदलतो, तेव्हा ९४ पुरतील की नाही हे यंदाची सूचना पाहूनच ठरवा. विषयही नीट बघा. प्राणिशास्त्र यादीत आहे, बायोटेक्नॉलॉजी नाही. नाव चकचकीत म्हणून कुणी तिकडे वळवलं तर शिष्यवृत्ती हातची जाईल.

आता पैसे. शिष्यवृत्ती वर्षाला ८०,००० ची. ६०,००० मुलीच्या खात्यात येतात, तेवढेच तुमच्या कानावर आले. उरलेले २०,००० उन्हाळ्यात एखाद्या मार्गदर्शकाकडे संशोधन प्रकल्प केला तर मिळतात. बहुतेक पालक या भागाला कागदी काम समजतात आणि मुलं शेवटच्या आठवड्यात कुठूनतरी अहवाल उतरवून सही आणतात. माझ्या मते या योजनेतला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे, कारण बी.एस्सी.ला असताना खऱ्या प्रयोगशाळेत शिरायला निमित्त लागतं आणि इथे ते आयतं मिळतं.

आणि गोव्यात प्रयोगशाळा शोधायला लांब जावं लागत नाही. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. ताळगावच्या पठारावर विद्यापीठ, जुन्या गोव्यात शेती संशोधन केंद्र, वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र. डिचोलीहून पणजीला कदंबा बस पकडली की निम्मं अंतर संपतं. विषयही पायाशीच आहेत. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीपाशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारापाशी, पाण्याचा खारटपणा भरती-ओहोटीला किती बदलतो आणि कुर्ल्या कुठे सापडतात, एवढं दोन महिने मोजलं तरी प्रकल्प उभा राहतो. खाणीच्या गाळाने डिचोलीच्या नदीतल्या जिवांचं काय झालं, हा प्रश्न तर तिने घरच्या ओट्यावरून विचारलेला असणार.

मार्गदर्शकाला मेल जानेवारीतच जायला हवा, मेमध्ये नव्हे. मेल तिनेच लिहावा, तुम्ही नाही. त्यांचा एखादा लेख वाचून त्याबद्दल एक प्रश्न विचारावा. ‘आय ॲम हार्डवर्किंग’ लिहिलेली पत्रं त्यांच्याकडे ढिगाने येतात. पाच जणांना लिहिलं तर एखादं उत्तर येईल, त्यात खट्टू व्हायचं नाही.

कॉलेजात प्रवेश मिळताच बोनाफाईड प्रमाणपत्र, बारावीची मार्कशीट आणि तिच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं तयार ठेवा. तुमच्यासोबतचं जॉइंट खातं असेल तर ते वापरू नका.