कोपरातली कळ, स्नायू आणि रापणीची होडी

मालवणहून प्रश्न आलाय: कोपर दारावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, आई म्हणते शिरेवर लागलं, मुलगा म्हणतो स्नायूला लागलं. बरोबर कोण?

मुलगा नक्कीच चूक, पण दोष त्याचा नाही. हिंदीत 'स्नायु' म्हणजे चेता (इंग्रजीत नर्व्ह), मराठीत 'स्नायू' म्हणजे दंडात फुगतो तो. हिंदी जाहिरातीची घाईघाईने मराठी करणारे हे बघतच नाहीत. 'स्नायूंची दुर्बलता' ऐकून आपला माणूस दंड चाचपतो आणि औषध असतं नसांचं! कोपरात आतल्या बाजूला हाडामागून, कातडीच्या अगदी खालून जाते ती चेता. मानेच्या तळाशी निघते, करंगळी आणि निम्म्या अनामिकेची जाणीव सांभाळते. आईची 'शीर' शास्त्रात रक्तवाहिनी, पण बोलण्यात चालते.

आता खरी गंमत. संस्कृतात स्नायू म्हणजे ना मांस, ना चेता. सांधे बांधणारा चिवट धागा, धनुष्याची दोरीसुद्धा. ग्रीक 'न्यूरॉन'चा जुना अर्थही हाच, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे! अलेक्झांड्रियाच्या हिरोफिलस या ग्रीक वैद्याने इ. स. पू. 3ऱ्या शतकाच्या सुमारास चेता आणि कंडरा (दंडातला स्नायू हाडाला जोडणारा दोर) वेगळ्या ओळखल्या, तोवर ग्रीकांनाही दोन्ही एकच. म्हणजे 'न्यूरॉलॉजी' म्हणताना आपण आपल्याच स्नायूचं नाव घेतो.

'नस' हिंदीतून घुसली, हाकला, असं म्हणणारे शुद्धिवादी मला मुळीच पटत नाहीत. संस्कृत कोशात 'स्नसा' आहे, अर्थ स्नायूच. नस तिचीच लेक. हाकलणार कुठे? आणि 'मराठीतला स्नायू चुकीचा, मांसपेशी म्हणा' हा हट्टही सोडा. रुळलेला अर्थ कोशाच्या हुकमाने मागे फिरत नाही.

सुश्रुताने 900 स्नायू, म्हणजे तेच सांधे बांधणारे धागे, मोजले आणि उपमा दिली नावेची: फळ्या बंधनांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यात भार पेलते, तसा स्नायूंनी बांधलेला माणूस. त्याने कुठली नाव पाहिली असेल ती असो. मला मात्र ते वाचताना रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, जुनी होडीच दिसते, खिळे न ठोकता काथ्याने शिवलेली. मालवणात कुणा म्हाताऱ्या रापणकराला त्या शिवणीच्या दोरीचं नाव आठवत असेल, तर विचारून मला जरूर कळवा.