तुलना कशाशी?

प्रिय,

मानसशास्त्र सोडून थेट मुलांमध्ये काम करणार, असं लिहिलंयस. कारण काय, तर 2015चा तो अभ्यास. मानसशास्त्रातले 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि जेमतेम 36 टक्क्यांत लक्षणीय, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, निष्कर्ष आला. ‘मग हे विज्ञान कसलं?’

अगं, हेच विज्ञान! मानसशास्त्रज्ञांनी आपल्याच शाखेची झडती घेतली आणि आकडे चव्हाट्यावर मांडले. ते पाहून तू पळ काढतेस, याचा राग येतो. झोप उडण्याइतकं तुला ते लागलं, याचं बरंही वाटतं.

मुलांमध्ये काम कर, जरूर कर. पण तिथेही विचारायचंच: तुलना कशाशी?

केंब्रिज-सॉमरव्हिलचा प्रयोग वाच. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये 1939 साली सुरू झालेला, मुलं गुन्हेगारीकडे वळू नयेत म्हणून. मुलांच्या मिळत्याजुळत्या जोड्या लावल्या, नाणं उडवलं. जोडीतल्या एकाला घरी येणारा समुपदेशक, शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला यातलं काही नाही. एकूण 506 मुलं. तीसेक वर्षांनी गुन्हेशास्त्रज्ञ जोन मॅकॉर्ड यांनी त्यांचा माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तरं दिली, त्यातले सुमारे दोनतृतीयांश म्हणाले, आमचं भलं झालं. नोंदी वेगळंच सांगत होत्या. एकाहून अधिक गुन्हे, दारूच्या व्यसनाच्या खुणा, दोन्ही मदत मिळालेल्यांतच जास्त. दुसरा गट नसता, तर त्या कृतज्ञ उत्तरांवर झकास अहवाल निघाला असता.

‘नाणं उडवून मुलाला मदत नाकारायची? निर्दयपणा!’ हे मी आयुष्यभर ऐकलं. एका संस्थेत तुलनेचा गट मागितला, तर कोरडी बाई म्हणून मला बाजूला काढलं. जरा गोडीनं बोलले असते तर काम हातात राहिलं असतं, ही रुखरुख आहे. पण मागणी सोडली नसतीच. मदत सगळ्यांना पुरत नाही, कुणीतरी मागे राहतंच. मग ओळखीपाळखीपेक्षा चिठ्ठी टाकणं न्याय्य नाही का? आणि देतोय ती मदतच आहे, हे ठरवलं कुणी? देणाऱ्यानं?

तेव्हा कामाला लागण्याआधी एका कागदावर लिही: कोणता आकडा दिसला तर ही योजना बंद करायची. तारीख घाल आणि मला पाठव. त्यात तुलनेचा गट नसेल, तर पाठवण्याची तसदी घेऊ नकोस.