डब्लिन–ॲम्स्टरडॅम: दर शनिवार-रविवार भेटता येईल का?

तुमचा प्रश्न असा: तुम्हाला डब्लिनची ऑफर आली आहे, नवरा आधीपासून ॲम्स्टरडॅमला, दोघांचे पासपोर्ट भारतीय. विमान दीड तासाचं, मग दर आठवड्याला येणं-जाणं जमेल का?

अंतर हवेतून साधारण ७५० किलोमीटर. तिकिटावर दीड-पावणेदोन तास दिसतात, पण डब्लिनचं घड्याळ एक तास मागे असतं. संध्याकाळी सहाला निघालात तर पोचेपर्यंत तिथे पावणेनऊ वाजत येतात. डब्लिन विमानतळाला रेल्वे नाही, बसनेच जायचं. स्किपोलला, म्हणजे ॲम्स्टरडॅमच्या विमानतळाला, स्टेशन टर्मिनलच्या खालीच आहे, ते सुख. पण विमान पोल्डरबान या लांबच्या धावपट्टीवर उतरलं की गेटपर्यंत पोचायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. आपण रस्त्यानेच शहरात निघालो की काय असं वाटतं. दारातून दारापर्यंत पाच-सहा तास धरा.

खरी अडचण वेगळीच आहे. आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. तुमच्या आयरिश निवास परवान्यावर नेदरलँड्सला जाता येत नाही, त्यांच्या डच परवान्यावर आयर्लंडला येता येत नाही. दोघांनाही एकमेकांकडे जायला व्हिसा लागणार. तो अनेक वेळा प्रवेश देणाराच मागा, आणि पहिल्याच अर्जाला मोठ्या मुदतीचा मिळेल असं गृहीत धरू नका.

शिवाय शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि पोचल्याचा व निघाल्याचा दिवस धरूनच मोजणी होते. शुक्रवारी रात्री जाऊन रविवारी रात्री परतलात तर आठवड्याचे तीन दिवस, म्हणजे २६ आठवड्यांचे ७८. भागतं. पण सोमवारी पहाटेचं विमान फार मोह घालतं: सातला निघून घड्याळाप्रमाणे पावणेआठच्या आत डब्लिनला! तो मोह दर आठवड्याला आवरला नाही तर चार दिवसांप्रमाणे आकडा शंभरावर जातो. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर ठसे आणि फोटो घेऊन यंत्रानेच नोंद ठेवणं सुरू झालंय, तेव्हा अंदाजपंचे हिशेब चालणार नाही.

मी तुमच्या जागी असते तर एक आठवडा त्यांनी यायचं, एक आठवडा मी जायचं, असं ठरवलं असतं. दिवसही वाचतात, दमणूकही वाटली जाते. मात्र त्यासाठी त्यांनी आयरिश व्हिसाचा अर्ज लवकर करायला हवा. आई-बाबा येणार असतील तर मुंबईहून ॲम्स्टरडॅमला थेट विमान आहे, डब्लिनला नाही. त्यांचा मुक्काम तिकडेच ठेवा.

सही करण्याआधी कंपनीला एकच विचारा: शुक्रवारी तीनला निघू द्याल का? नाही म्हणाले तर दर आठवड्याऐवजी महिन्यातून दोनदाच धरून चाला.