चोक सोडला की कटर बंद पडतो: कार्बोरेटर बदलण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 58 सीसीचा चिनी कटर (लाकूड कापायचा पेट्रोलवरचा चेनसॉ) पावसाळाभर पडवीत टांगलेला होता, टाकीत जुनं पेट्रोल तसंच राहिलं. आता चोक ओढला की पेटतो, चोक सोडला की मरतो. मिस्त्रीने स्क्रू फिरवून कसाबसा चालवून दिला, पण गरम झाल्यावर बंद पडला की थंड होईपर्यंत दोरी ओढून उपयोग नाही. मिस्त्री म्हणतो, कार्बोरेटर बदला.

मला यात दोन वेगळे बिघाड दिसतात. चोकचा एक आणि गरम झाल्यावरचा दुसरा. दोन्ही एकाच कारणाने असतील तर चांगलंच, पण तसं धरून चालू नका. आणि बिघाड सापडेपर्यंत कटर लाकडात घालू नका. चोकवर चालतो याचा अर्थ हवा अडवली तरच मिश्रण जमतं. म्हणजे एकतर पेट्रोल कमी पोचतंय, नाहीतर कुठूनतरी जादा हवा शिरतेय. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलातूनच जातं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि वर उष्णता वाढते. पिस्टन धरायला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकायला, पाच-दहा मिनिटंही पुरतात.

सुरुवात टाकीपासून करा. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि थोडा वेळ ठेवा. हल्ली पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो आणि खाली बसतो. ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतला फिल्टर वजनाने तळाशी असतो, म्हणजे इंजिन नेमकं बिनऑइलचं पाणचट मिश्रण ओढतं. बाटलीत थर दिसला तर ते पेट्रोल वापरायचं नाही, ताज्या पेट्रोलात मिसळून संपवायचं तर अजिबातच नाही. मोठ्या कंपन्यांच्या पुस्तिकांत सहसा 10 टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी असते. काही निवडक पंपांवर 100 ऑक्टेनचं इथेनॉलविरहित पेट्रोल मिळतं. रोजच्या कामाला ते परवडत नाही, पण कटर ठेवून देण्याआधीची शेवटची टाकी त्याची केली तर फायदा होतो. नाहीतर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, हे फुकट होतं.

आता तारेचा आकडा करून फिल्टर टाकीच्या तोंडातून बाहेर काढा. काळा, कडक झाला असेल तर बदला, धुवत बसू नका. त्याच नळीला दुमडून बघा, विशेषतः जिथे ती टाकीच्या भिंतीतून बाहेर येते तिथे. केसाएवढी चीर असली की पेट्रोलाऐवजी हवा ओढली जाते, आणि ही चीर नळी सरळ असताना दिसत नाही. टाकीचा श्वासही तपासा. कटर मरायला लागला की झाकण किंचित सैल करा. फुस्स आवाज होऊन इंजिन सावरलं तर टाकीत हवा शिरण्याची वाट भुशाने बुजली आहे.

मग कार्बोरेटर. याला मोटारसायकलसारखी पेट्रोलची वाटी नसते, कारण कटर आडवा-उलटा धरूनही चालायला हवा. क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पोकळीतल्या) दाबाच्या धक्क्यांवर एक पडदा पंपासारखा हलतो आणि पेट्रोल ओढतो. दुसरा पडदा छोट्या तरफेवाटे सुई उघडतो. हा दुसरा पडदा जुन्या पेट्रोलाने कडक होतो, मग सुई पुरेशी उघडत नाही आणि तुमच्यासारखी तक्रार येते. चार स्क्रू काढून पडदा बोटाने दाबा. चांगला पडदा लुळा असतो, बिनआवाज हलतो. खराब झालेला बिस्किटाच्या पुड्यासारखा कुरकुरतो. दुसऱ्या बाजूच्या झाकणाखाली, पंपाच्या पडद्याजवळ, नखाएवढी बारीक जाळी असते. तीही साफ करा. तरफ किती उंच आहे ते उघडल्या उघडल्या फोटो काढून ठेवा आणि ती वाकवू नका. भोकांत तार घालायची नाही, कार्बोरेटर क्लीनरचा फवारा पुरतो.

मिस्त्रीचं म्हणणं अगदीच चूक नाही. या चिनी कटरांना नवा कार्बोरेटर पडद्यांच्या किटपेक्षा फार महाग नसतो. पण कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट चिरलेला असेल, किंवा क्रँककेसच्या दाबाची वाट बुजली असेल, तर नव्या कार्बोरेटरवरही तीच तक्रार येणार. म्हणून कार्बोरेटर काढलाच आहे तर बूट हाताने ताणून उजेडात बघा. त्यानंतरही थ्रॉटल सोडल्यावर इंजिनचा वेग आपोआप वाढतो-कमी होतो असं असेल, तर क्रँकचे सील हवा घेत असतील. ते दाब लावून तपासायचं काम गावातल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये करून घ्या. चालू इंजिनवर स्प्रे मारून गळती शोधायचा प्रकार मी सुचवणार नाही, तापलेल्या सायलेन्सरवर स्प्रे पेटू शकतो.

आता गरम झाल्यावर बंद पडण्याकडे या. बंद पडला त्याच क्षणी प्लग काढा. थंड झाल्यावर तपासण्यात अर्थ नाही, कारण थंड असताना तो चालतोच. प्लग सिलिंडरच्या धातूला टेकवून, प्लगच्या भोकापासून लांब धरून, दोरी ओढा. ठिणगी नाही किंवा नारिंगी, मलूल असेल तर कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारा भाग) गरम झाल्यावर काम सोडते. त्याआधी इंजिन बंद करायच्या स्विचची वायर एकदा सोडून बघा, कारण तिचं इन्सुलेशन खरवडून ती बॉडीला लागत असेल तर लक्षण तेच. नवी कॉइल बसवताना फ्लायव्हीलपासून अंतर 0.3 मिमी ठेवा, जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळले तरी जमतं. प्लगचा गॅप 0.5 मिमी.

गरम असतानाही ठिणगी निळी, जोरदार आहे? मग सायलेन्सर काढा. त्यामागच्या भोकातून पिस्टन दिसतो आणि खर्च शून्य. पिस्टनच्या अंगावर उभ्या रेघा असतील, नख अडकत असेल, तर कार्बोरेटरवर पैसे घालण्यापूर्वी पिस्टन-सिलिंडरचा विचार करावा लागेल. दोरीला धरून कटर अधांतरी टांगून बघा: सुस्थितीतला कटर थांबत, टप्प्याटप्प्याने खाली येतो. सरळ सुळकन आला तर कॉम्प्रेशन गेलं. गेज असेल तर 120 पीएसआयच्या वर हवं, 100 च्या खाली असेल तर तो गरम झाल्यावर पेटणं कठीणच. सायलेन्सर बाहेर आहे तोवर त्यातली जाळी असल्यास काजळी जाळून, घासून काढा.

सगळं बसवल्यावर ताजं मिश्रण घ्या. पुस्तिकेत 1:25 लिहिलं असेल तर लिटरला 40 मिली टू-टी ऑइल, 1:50 असेल तर 20 मिली. डब्यावर जासो एफडी (JASO FD, टू-टी ऑइलचा दर्जा) लिहिलेलं बघून घ्या. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल घालायचं नाही. कार्बोरेटरवरचे एल (मंद वेगाचा) आणि एच (पूर्ण वेगाचा) हे दोन्ही स्क्रू हळूच टेकेपर्यंत आत, मग प्रत्येकी एक फेरा बाहेर. इंजिन गरम करा. एल असा लावा की थ्रॉटल दाबताच न अडखळता उचलेल, आणि टी स्क्रूने इंजिन एवढं मंद करा की चेन फिरणार नाही. एच मात्र कानाने. लाकडाबाहेर पूर्ण थ्रॉटलला आवाज किंचित घोगरा, तुटक हवा आणि लाकडात गेल्यावर साफ व्हायला हवा. बाहेर असतानाच किंचाळत असेल तर एच आणखी सैल करा. जोर वाढल्यासारखा वाटतो म्हणून बरेच जण तिथेच सोडतात आणि पिस्टन खातात.

जोर कमी वाटत असेल तर चेनही बघा. आंबा-फणस कापताना भुसा पिठासारखा पडत असेल तर इंजिनचा दोष नाही, दात बोथट आहेत. जांभ्याच्या मातीत ओढलेला ओंडका किंवा नारळ कापला की धार पटकन जाते. या कटरांवर बहुधा .325 ची चेन असते, तिला 4.8 मिमीची गोल कानस, कोन 30 अंश, प्रत्येक दाताला सारखेच हात. बारला काळं वापरलेलं ऑइल घालू नका, त्यातला लोखंडाचा कीस पंप खातो. बार एखाद्या फिक्या लाकडासमोर धरून थ्रॉटल दिलात तर ऑइलची रेघ उठायला हवी. चेनला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढा. आणि क्लच उघडायची वेळ आली तर त्याचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेने जोर लावलात तर घट्टच होईल.

सध्या एवढंच करा: बाटलीतल्या जुन्या पेट्रोलाचा, पडद्याचा आणि सायलेन्सरच्या भोकातून दिसणाऱ्या पिस्टनचा फोटो टाका. रेघा नखाला लागतात का आणि गरम असताना ठिणगी कशी होती, तेही लिहा. तोवर कार्बोरेटर मागवू नका.