हरणाच्या शिकारीच्या जुन्या रायफलीत लोकांचा एवढा जीव का अडकतो?

प्रश्न असा आलाय की अमेरिकेत ऑफिसातला एक जण वडिलांची जुनी हरणाची रायफल काही केल्या विकत नाही, दुकानात त्याहून भारी नवी मिळते तरी, तर मारायच्या हत्यारात कसला आलाय जिव्हाळा.

आधीच सांगतो, मी शिकारी नाही. आयुष्यात कशावरही गोळी झाडलेली नाही आणि घरात बायको पक्की शाकाहारी. पण मध्य पेनसिल्व्हेनियात वीसेक वर्षं राहतोय, आणि शेजारी असा मिळालाय की हाच प्रश्न मला पहिली चार-पाच वर्षं पडायचा आणि आता पडत नाही, म्हणून लिहितोय. लांबेल जरा.

शेजारच्या आजोबांना आमची पोरं पॅप म्हणतात, इकडे आजोबांना तसंच म्हणतात, त्यामुळे आम्ही नवरा-बायकोही पॅपच म्हणायला लागलो. अल्टूनाच्या रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झालेला माणूस, बोलणं कमी, हात कायम कशात तरी. त्यांच्याकडे सॅव्हेज ९९ रायफल आहे, लिव्हर ॲक्शन (म्हणजे खालची तरफ ओढली की पुढची गोळी भरली जाते), न्यू यॉर्क राज्यातल्या युटिकाच्या कारखान्यात दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बनलेली. त्यांच्या वडिलांनी युद्धावरून परत आल्यावर सेकंडहँड घेतली होती, आणि १९५६ मध्ये पॅप १२ वर्षांचे झाले (तेव्हा इथे शिकारीचं वय १२ होतं) तेव्हापासून ती त्यांच्याकडे.

ही रायफल मला पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी आपला वरवर "छान आहे" म्हणलं, पण नंतर त्यांनी डाव्या बाजूची एक बारकी खिडकी दाखवली आणि मला ती वस्तू म्हणून आवडलीच. आतमध्ये पितळेची गोल फिरणारी चकती असते, गोळ्या तिच्यात बसतात, आणि त्या खिडकीतून आकडा दिसतो की आत किती उरल्यात. आमच्या प्लांटमध्ये मी मेंटेनन्सला आहे, मला असलं काही दिसलं की बरं वाटतं. बाकीच्या बऱ्याच लिव्हरवाल्या रायफलींमध्ये गोळ्या नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, मग टोकदार गोळी चालत नाही कारण तिचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकतं आणि धक्क्याने आतच बार व्हायचा. सॅव्हेजच्या गोल मॅगझिनमध्ये तो प्रॉब्लेम नाही. असो, हे विषयांतर झालं.

तर तिच्यावर खुणा होत्या. मधोमध जिथे हातात धरून चालतात तिथला काळा-निळा रंग पूर्ण उडून पांढरं लोखंड दिसत होतं, वडिलांच्या हाताने निम्मा आणि त्यांच्या हाताने निम्मा. दस्त्यावर गाल टेकतो ती जागा गुळगुळीत. आणि दस्त्याच्या खाली एक लांब ओरखडा, तारेच्या कुंपणातून जाताना पडलेला, १९६१ सालचा, तेव्हा वडील त्यांच्याशी दोन दिवस बोलले नव्हते. हे सगळं मला त्यांनी ओळीने नाही सांगितलं हां, एकेक गोष्ट दोन-दोन वर्षांनी सुटायची तोंडातून, तीही गॅरेजमध्ये रायफल साफ करताना. त्या साफ करायच्या औषधाचा एक वास असतो, हॉपीज नंबर नाइन, तो वास आला की आमचा धाकटा अजूनही म्हणतो पॅपचा वास.

इथे हरणाचा सीझन म्हणजे काय ते माहीत नसेल तर थोडं सांगतो. थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरच्या शेवटी येणारा इकडचा मोठा सण) नंतरचा सोमवार म्हणजे आपल्याकडे कोकणात गणपतीला जे होतं ते. बऱ्याच शाळांना त्या दिवशी सुट्टी, प्लांटमध्ये निम्मी लोकं गायब, मॅनेजरच गायब तर विचारणार कोण. सीझनचा पहिला दिवस तोच असायचा, २०१९ मध्ये तो शनिवारवर आणला तर जुन्या लोकांनी केवढा त्रागा केला, पॅप धरून. गंमत म्हणजे १९०० च्या सुमारास या राज्यात हरणं जवळजवळ संपली होती, मग बाहेरच्या राज्यांतून आणून सोडली, १९०७ मध्ये माद्या मारायला बंदी घातली, आणि आता एवढी झालीत की आमच्या गल्लीत प्रत्येकाची एकेक गाडी हरणाला धडकलेली आहे.

२००८ ला मी एकदा त्यांच्यासोबत गेलो, रिकाम्या हाताने. अंगावर केशरी जॅकेट, पहाटे पाचला निघालो, हेमलॉकच्या झाडाखाली जाऊन बसलो, आणि बसलो म्हणजे बसलोच, सहा तास. थंडी अशी की पायाची बोटं आहेत का नाहीत कळेना. बोलायचं नाही, खोकायचं नाही. नऊच्या सुमारास एक मादी आली, वीस पावलांवर, कान हलवत उभी राहिली, आणि पॅपकडे त्या वर्षी मादीचं लायसन्स नव्हतं त्यामुळे रायफल मांडीवरच राहिली. दहा मिनिटं आम्ही तिघं तसेच. मग ती गेली. थर्मासमधली कॉफी प्यायलो, घरी आलो. मी म्हणलं आजचा दिवस फुकट गेला तुमचा, तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कीर्तनाहून परत येताना प्रसाद काय मिळाला विचारलं.

तेव्हा मला पहिल्यांदा हिशोब लागला. वर्षाला एखादी गोळी, बऱ्याच वर्षी तीही नाही. म्हणजे पन्नास वर्षांत त्या रायफलीने हरणांवर किती गोळ्या झाडल्या असतील, शंभरसुद्धा नाही. बाकी सगळा वेळ ती फक्त मांडीवर पडून आहे, आधी वडिलांसोबत, मग भावासोबत, मग मुलासोबत, मग एकट्याने. तुम्ही प्रश्नात मारायचं हत्यार म्हणलंय, खोटं नाही ते, पण तिच्या आयुष्यातला मारण्याचा वेळ मोजला तर काही मिनिटं भरेल. माणूस जपतो तो उरलेला वेळ.

२०१४ मध्ये एक घोळ झाला. पॅप सत्तर वर्षांचे झाले म्हणून मुलाने सरप्राइज म्हणून रायफल गुपचूप नेली आणि कुणा कारागिराकडून नवी कोरी करून आणली. नळी परत काळी केली, दस्ता घासून पॉलिश केला, ओरखडा गेला, गालाची जागा गेली, सगळं चकाचक. मुलाचं मन चांगलंच होतं, पैसेही बरेच घातलेले. पॅपनी केक कापला, थँक्यू म्हणले, रायफल कपाटात ठेवली, आणि त्या सीझनला दुसरी दुर्बीणवाली थ्री-ओ-एट (.३०८ गोळीची) रायफल घेऊन गेले. पुढच्या वर्षी पण तीच. मला काय वाटलं सांगू का, आमच्या गावच्या घराचा उंबरा मधोमध झिजून खोलगट झालाय, चार पिढ्यांच्या पायांनी, तो काढून कुणी तिथे ग्रॅनाइट बसवला तर मी पण थँक्यूच म्हणेन आणि मागच्या दाराने ये-जा करेन. (बाजारभावाचं म्हणाल तर जुनी रायफल अशी पॉलिश केली की जमवणाऱ्यांच्या लेखी तिची किंमत उलट पडते. तुमच्या ऑफिसवाल्याला हे नक्की सांगा, काही करायच्या आधी.)

आता माझ्या बाजूचं सांगतो, कारण मला हे का कळलं ते त्यात आहे. संगमेश्वरजवळच्या आमच्या गावात आबांकडे, म्हणजे आजोबांकडे, ठासणीची बंदूक होती, शेती संरक्षणाच्या परवान्यावर. शिकारबिकार नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तसंही बंदच, पण भाताला रानडुकरं यायची, त्यांना घालवायला एखादा बार काढायचे. निवडणूक लागली की बंदूक पोलीस स्टेशनला जमा करायची, निकालानंतर परत आणायची. मी पाचवी-सहावीत असताना एकदा आबांसोबत एसटीने गेलेलो, बंदूक गोणपाटात गुंडाळलेली, कंडक्टरने तिला तिकीट लागेल का अशी चेष्टा केली आणि आबा गावात येईपर्यंत हसत होते. खंडेनवमीला कोयती, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि सगळ्यांच्या मधे ती बंदूक, आजी हळदकुंकू लावायची, झेंडूचं फूल ठेवायची. आबा गेल्यावर परवाना वारसाच्या नावावर करायला कुणाला वेळ नव्हता, बाबा मुंबईत, काका म्हणले कटकट नको, बंदूक जमा केली ती केलीच. माजघराच्या भिंतीवर तिच्या दोन खुंट्या अजून आहेत, आई एकीवर कॅलेंडर लावते. आणि दारू ठासायचा गज चुकून माळ्यावर राहिला, चुलतभाऊ त्याने मोरी तुंबली की साफ करतो. मागच्या खेपेला ते बघून मला जे वाटलं ते मी त्याला बोललो नाही, मी काय तिकडे राहत नाही, मोरी त्यालाच साफ करायची असते.

२०१७ च्या उन्हाळ्याच्या शेवटी पॅपची बायको गेली. एकसष्ट दिवस हॉस्पिटल. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी संध्याकाळी बेल वाजली, दारात पॅप, हातात रायफलची केस. म्हणले, ही तुझ्याकडे ठेव थोडे दिवस, गोळ्या आणि दुसरी रायफल पोराने नेलीय. एवढंच. मी विचारलं काय झालं, तर म्हणले तळघरात ओल आहे. त्यांच्या तळघरात ओल नाही, आम्ही दोघांनीच तिथे डीह्युमिडिफायर बसवलेला. ते गेल्यावर बायको म्हणली, अरे त्यांना ती घरात नकोय. मला तेव्हा ट्यूब पेटली आणि पोटात गोळा आला. अमेरिकेत बंदुकीने जेवढे लोक मरतात त्यातले निम्म्याहून जास्त स्वतःच्या हाताने मरतात, हे मी वाचलेलं होतं पण ते आकड्यात वाचलेलं होतं. एकटा म्हातारा माणूस, घरात सत्तरीच्या वरची रायफल, आणि त्याने स्वतःच ओळखून ती उचलून आणून दिली. ज्या वस्तूवर सगळ्यात जास्त जीव तीच दूर ठेवायची, आणि ठेवायची कुठे तर जिथे ती नीट राहील तिथे. भावनिक मूल्य वगैरे शब्द मला त्या दिवसाला पुरत नाहीत.

(इथले मराठी वाचतायत म्हणून सांगतो, मी तोपर्यंत सिटिझन होतो. एच-वनवर असाल तर अशी बंदूक सांभाळायला घेऊ नका, व्हिसावाल्यांना बंदूक जवळ बाळगायला कायद्याने मनाई आहे, शिकारीचं लायसन्स असेल तर सूट आहे पण ते आधी नीट बघून घ्या.)

बायको आधी म्हणत होती हे असलं घरात नको, मग म्हणली राहू दे, कुलूप लावून ठेव. मग आली खंडेनवमी. आम्ही दरवर्षी माझा टूलबॉक्स, पोरांचे लॅपटॉप, तिचं शिलाई मशीन असं मांडतो. मी काही बोललो नव्हतो, पण आंघोळ करून आलो तर कपाट उघडं, आणि पाटावर मधोमध सॅव्हेज, कुंकू लावलेली, शेजारी दुकानातून आणलेली शेवंती कारण झेंडू मिळाला नव्हता. मी बघतच राहिलो. म्हणली पाहुणी आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी पॅप आले, सीझन आलाय म्हणले, केस उघडून रायफल खिडकीजवळ उजेडात धरली, आणि एकदम कपाळाला आठ्या. लिव्हरच्या वरच्या स्क्रूच्या खाचेत लाल काहीतरी. "गंज?" म्हणजे मी दोन महिन्यांत त्यांच्या रायफलीला गंज चढवला! मग मला सगळं सांगावं लागलं, नवमी, आजी, आबांची बंदूक, एसटी, सगळं, माझ्या इंग्लिशमध्ये ते किती जमलं देव जाणे. त्यांनी ऐकून घेतलं. अंगठ्याने खाच चाचपली. म्हणले, "गंज नाही ना? मग राहू दे." आणि त्या वर्षी थ्री-ओ-एट पोराकडेच राहिली, जंगलात सॅव्हेज गेली. का ते मी विचारलं नाही. काही मिळालं नाही त्या वर्षी, नुसतेच बसून आले.

आता नात शिकतेय त्यांच्यासोबत, तिला ती रायफल द्यायचं ठरलंय. अडचण गोळ्यांची आहे, थ्री हंड्रेड सॅव्हेज ही १९२० सालची गोळी, थ्री-ओ-एट आल्यापासून मागे पडली, कंपन्या आठवण आली की थोड्या काढतात, करोनाच्या काळात तर दुकानात डब्बा बघायला मिळत नव्हता. त्यामुळे पॅप दिसेल तिथे घेऊन ठेवतात. २०२४ मध्ये ऐंशी वर्षांचे झाले तेव्हा गॅरेजमध्ये बसून वाटणी करत होते, चार डब्बे नातीचे, एक स्वतःसाठी बाजूला ठेवला. एका डब्ब्यात वीस गोळ्या असतात. मी म्हणलं एकच ठेवला? तर म्हणले वर्षाला एक धरली तर शंभरीपर्यंत पुरतील, त्याच्या पुढचं नात बघेल.