पोटातला लिम्फोमा दुर्मिळ की नेहमीचा?

तुमच्या काकांच्या जठरात लिम्फोमा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या लिम्फॉइड पेशींचा कॅन्सर, निघाला, डॉक्टर म्हणाले "दुर्मिळ आहे", आणि तुम्ही वाचायला गेलात तर "पचनमार्ग ही लिम्फोमाची नेहमीची जागा" असं सापडलं. खरं काय, असं विचारलंय तुम्ही. दोन्ही खरं आहे, फक्त छेद वेगळा आहे.

लसिकाग्रंथी सोडून इतरत्र सुरू होणाऱ्या लिम्फोमांपैकी 30 ते 40 टक्के पचनमार्गात असतात. पण पचनमार्गाचे सगळे कॅन्सर एकत्र मोजले तर त्यात लिम्फोमा जेमतेम 1 ते 4 टक्के. मी कोल्हापुरात पॅथॉलॉजिस्ट आहे. जिल्ह्याची लोकसंख्या 2011च्या जनगणनेत 38 लाखांच्या वर होती. माझ्या ढोबळ हिशेबाने एवढ्या लोकांत वर्षाला दहा-पंधरा केसेस असाव्यात. एंडोस्कोपीचे तुकडे येतात ते कच्च्या साबुदाण्याएवढे, फॉर्मलिनच्या बाटलीच्या तळाशी बसलेले. बहुतेकांत नुसती सूज निघते. लिम्फोमाची शंका आली की मी स्लाइड आधी शेजारच्या टेबलावर सरकवते, दुसऱ्याने बघितल्याशिवाय सही करत नाही.

प्रमाण सगळीकडे सारखंही नसतं. इटलीच्या ईशान्येला फेल्त्रे नावाचं गाव आहे. तिथे जठराचा लिम्फोमा इंग्लंडमधल्या तशाच वस्त्यांच्या साधारण 13 पट आढळतो, असं 1992 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तिथल्या बहुतेकांच्या पोटात एच. पायलोरी हा जंतू होता. निरोगी जठरात लिम्फॉइड पेशींची वस्ती जवळपास नसतेच. जंतूशी झुंजायला त्या येतात, वर्षानुवर्षं ठाण मांडतात, आणि क्वचित त्यातलाच एखादा गट बेलगाम वाढतो. पुढच्याच वर्षी, 1993 मध्ये, सहापैकी पाच रुग्णांत नुसता जंतू मारल्यावर हा लिम्फोमा विरलेला दिसला. कॅन्सरवर अँटिबायोटिक!

मग आपल्याकडे निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू आहे, तरी लिम्फोमा इतका थोडा कसा? जंतू एकटा पुरत नाही, एवढं नक्की. त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी एंडोस्कोपीला धावू नका.

आतड्यातल्या लिम्फोमाची आपल्याकडे वेगळीच पंचाईत. लहान आतड्याच्या टोकाशी गाठ दिसली की आधी टीबी आठवतो, आणि बायोप्सीविना टीबीची औषधं सुरू झाली तर महिने वाया जाऊ शकतात. काकांची गाठ जठरात आहे, तेव्हा ते राहू द्या.

तुम्ही रिपोर्टवर बघा: 'माल्ट' (हळू वाढणारा, जंतूशी जोडलेला प्रकार) लिहिलंय की 'डिफ्यूज लार्ज बी सेल' (भराभर वाढणारा)? एच. पायलोरी सापडला का? दुसऱ्या प्रकारात सहसा केमोथेरपी लागते. माल्ट असेल, जठरापुरताच असेल आणि जंतूही असेल, तर पहिला उपचार साधारण दोन आठवड्यांच्या गोळ्यांचा. त्यावरच चारातल्या तिघांची गाठ विरते. पण विरायला महिने लागतात, कधी वर्षही. तोवर डॉक्टर पुन्हा पुन्हा एंडोस्कोपी सांगतील, तेव्हा काका कितीही कुरकुरले तरी न्या त्यांना.